पटाशीची पारख

हाताने लाकडाचे सांधे कापायला पटाशी कशी निवडावी, हे अख्ख्या चौबे कॉलनीत आपल्याएवढं कुणालाच कळत नाही, याबद्दल यज्ञेश्वररावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी अजून एकही सांधा कापला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

रविवारी आबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आबा म्हणजे त्यांचे वडील, रेल्वेतले निवृत्त गार्ड. उभ्या आयुष्यात त्यांनी मुलाच्या एकाही कामाला बरं म्हटलं नव्हतं. या वेळी ते म्हणवून घ्यायचंच, असा यज्ञेश्वररावांचा बेत होता. एकही खिळा न ठोकता, नुसते सांधे बसवून सागवानी चौरंग करायचा आणि त्यावर आबांना बसवायचं.

"तुले पेन्सिल छिलता येत नाही," आबा मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "मी आपला खुर्चीवर बसतो."

गोल बाजारातून दोन पटाश्या आल्या. एक पातळ, उतरत्या कडांची. दुसरी जाड, ठोकायला दणकट. खाचेचे कोपरे कोणती स्वच्छ कोरेल? यज्ञेश्वररावांनी दोन्हींना दगडावर धार लावली. खरा कारागीर धार केसांवर पाहतो, हे त्यांना ठाऊक होतं. पातळ पटाशी मनगटावरून नुसती फिरली आणि केस गळून पडले. ओढ नाही, चटका नाही. ते बघतच राहिले. जाड फिरवली, तर तीही तशीच! असं पोलाद जगात आहे आणि ते आपल्या हातात आहे, या विचाराने त्यांना भरून आलं.

निकाल मात्र लागेना. आधी डावा हात संपला, मग उजवा, मग पोटऱ्या. सागवान भिंतीला टेकून वाट बघत होतं. शेवटी राठ केसांशिवाय फरक कळायचा नाही, असं ठरवून त्यांनी मिशीची एक बाजू पातळ पटाशीला दिली, दुसरी जाड पटाशीला.

"काय करून राहिले तुम्ही?" त्यांची बायको क्षमा किंचाळायचीच बाकी होती. "वडील धडधाकट बसले आहेत ना अजून! मिशी काढली तर लोक काय समजतील?"

लोक तेच समजले. शेजारच्या भैय्यालालनी फाटकाशी तो गुळगुळीत ओठ पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भैया, कब हुआ?"

"अभी, सुबह," यज्ञेश्वरराव लाजून म्हणाले.

थोड्याच वेळात भैय्यालाल पांढऱ्या कपड्यांतली सात-आठ माणसं घेऊन आले. दार आबांनी उघडलं. भैय्यालालनी हात जोडले, मागे सरकले, पुन्हा पुढे आले आणि "बाबूजी!" म्हणत त्यांच्या पायांवर डोकंच ठेवलं.

मंडळी गेल्यावर आबांनी मुलाकडून सगळं ऐकून घेतलं.

"पटाशीनं मिशी निघते? काहून बनवून राहिला मले?"

जाड पटाशी घेऊन ते आरशाकडे गेले.  बाहेर आले तेव्हा गार्डाच्या नोकरीपासूनची मिशी ओठावर नव्हती. त्यांनी पात्यावर हलकेच अंगठा ठेवला.

"धार आहे," ते म्हणाले.

यज्ञेश्वररावांनी ते शब्द मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिले. आयुष्यभर याच दोन शब्दांसाठी तर सगळी धडपड होती.

"पण पातळ पाहिल्याशिवाय कसं सांगता येईन?" आबांनी बाही वर सारली. मग बापलेक जे मांडी घालून बसले, ते जेवायलाही उठले नाहीत.

रविवारी आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. शेजारी मुलगा. दोघांचेही ओठ लख्ख. हार घेऊन आलेले पाहुणे दारातच थबकले, हार पाठीमागे धरले. भैय्यालालनी क्षमाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दीदी, अब कौन गया?"

क्षमाने भिंतीला टेकलेल्या सागवानाकडे पाहिलं.

"चौरंग," ती म्हणाली.