छकुलीचं वजन, वजा क्रेट

दवाखान्यात जायच्या आधी लेकीचं वजन एकदा घरीच करून बघावं, असं विशालच्या मनात आलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि अंगणात डाळिंबाचं ग्रेडिंग चाललं होतं. यात वाईट काय होतं? काहीच नाही. विशालच्या डोक्यात येणाऱ्या सगळ्याच कल्पना सुरुवातीला अशाच निरुपद्रवी दिसतात.

छकुलीला नऊ महिने पूर्ण झाले होते. शनिवारी बारामतीला डॉक्टर दीप्ती मॅडमकडे तिची नेहमीची तपासणी आणि गोवराची लस होती. खरं तर परीक्षा विशालचीच होती. महिन्यापूर्वी त्याची बायको प्रगती बारामतीच्या एका लॅबमध्ये पुन्हा कामाला जायला लागली होती, आणि दिवसभर लेकीला सांभाळायचं काम विशालने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. बाग घराला लागूनच होती, त्याच्या आईचे गुडघे लेकराच्या मागे पळायच्या कामाचे उरले नव्हते, आणि मुख्य म्हणजे विशालला वाटत होतं की आपल्याला हे जमेल.

आईला, म्हणजे धोंडाबाईंना, तसं अजिबात वाटत नव्हतं.

"बाप्याच्या हातनं कुटं लेकरू वाढतं व्हय?" पहिल्याच दिवशी त्यांनी अख्ख्या अंथुर्णे गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं. "तपासणीला लेकरू जरा जरी उतरल्यालं दिसलं, तर सूनबाईनं नोकरी सोडायची. आत्ताच सांगून ठिवते."

म्हणून विशालने हे काम बागेइतकंच मनावर घेतलं. भिंतीवर डाळिंबाच्या फवारणीचं वेळापत्रक होतं, त्याच्या शेजारी त्याने छकुलीचं लावलं. सातला नाचणीचं सत्त्व, नऊला केळं, अकराला वरणभात. खाली कितव्या महिन्यात बाळाला काय काय यायला हवं याची यादी. (एकदा घाईत त्याने शेजारची ओळ वाचली आणि छकुलीला वारा पडल्यावर, पानं कोरडी असताना भरवलं. तिची काही तक्रार नव्हती.)

तर, वजन. ग्रेडिंगचा काटा अंगणातच होता. दत्तोबा हा त्यांचा जुना गडी भरलेली क्रेटं एकामागून एक त्यावर ठेवत होता आणि आकडा वहीत टिपत होता.

"दत्तोबा, जरा थांब. छकुलीचं वजन करू."

विशालने रिकामं क्रेट पुढे ओढलं, त्यात दुपटं अंथरलं आणि लेकीला उचललं, तोच धोंडाबाई आडव्या आल्या.

"माजी नात काय डाळिंब हाय का रं, क्रेटात घालायला? उद्या वर कागद घालून पुण्याला पाठवशील!"

"आई, पडंल ती काट्यावरनं."

"पडत न्हाय. मी धरते की न धरल्यावानी."

शेवटी दुपटं थेट काट्यावर आलं आणि दुपट्यावर छकुली. तिने ताबडतोब वायर धरली, ती तोंडात घालण्याजोगी आहे का ते पाहिलं, आणि क्षणभर स्थिर बसली. आकडा आला सहा किलो दोनशे.

विशालने तिला उचललं, परत ठेवलं. सहा दोनशे. तिसऱ्यांदा ठेवलं. सहा दोनशेच. दवाखान्याच्या फाइलमध्ये सहाव्या महिन्याचं वजन सात किलो शंभर लिहिलेलं होतं.

"काटा बिघाडलाय," तो कसाबसा म्हणाला.

"कशाचा बिघडतोय!" दत्तोबा दुखावला. "कालच व्यापाऱ्यानं माप घालून बघितलाय. पाच ग्राम हिकडं न्हाय का तिकडं न्हाय."

"तीन महिन्यांत नऊशे ग्रॅम घटलं?" विशालने विचारलं.

"मी म्हनलंच हुतं," धोंडाबाई म्हणाल्या. त्यांनी काय काय म्हटलं होतं ते सगळं त्यांनी पुन्हा एकदा म्हणून घेतलं.

संध्याकाळी प्रगती एसटीतून उतरून आली. तिने पायातल्या चपला काढायच्या आत तिला आकडा कळला होता. तिने छकुलीला उचलून छातीशी धरलं.

"हाताला तर जड लागतीय की, आत्या," ती सासूला म्हणाली.

"आईच्या हाताला लागतंच जड. काट्याला माया नसती."

चहा टाकताना प्रगती विशालला एवढंच म्हणाली, "शनिवारी बघू मॅडम काय म्हणतात ते. खरंच घटलं असंल, तर सोमवारी राजीनामा देते."

विशालला फार वाईट वाटलं. रोज सकाळी पांढरा कोट घडी करून पिशवीत ठेवताना ही बाई स्वतःशीच गुणगुणायची, ते त्याने महिनाभर ऐकलं होतं. ते गाणं बंद पडणार, आणि आपल्यामुळे बंद पडणार. लेकीची काळजी तर त्याहून मोठी. त्याला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

मग पुढचे तीन दिवस त्याने छकुलीवर वजनवाढीची मोहीम काढली. भातावर तूप, केळ्यावर तूप, सत्त्वात तूप. तिसऱ्या दिवशी नुसता चमचा दिसला तरी छकुली ओठ गच्च मिटून भिंतीकडे तोंड करायला लागली. (बाळ स्वतःची नापसंती स्पष्ट दाखवते, हे यादीत होतं. विशालने त्यावर बरोबरची खूण केली.) चिमटीने वस्तू उचलायचा सराव घ्यावा म्हणून त्याने तिच्यापुढे रंगीत ठोकळे मांडले, तर तिने ते सोडून जमिनीवरची मुंगी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत अचूक पकडली. विशाल टाळ्या वाजवत असताना धोंडाबाईंनी ओरडत येऊन मुंगी सोडवली.

शनिवारी सगळे बारामतीला निघाले. गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही, एकटी छकुली सोडून.

दीप्ती मॅडमनी फाइल उघडली आणि भराभर विचारायला सुरुवात केली.

"आधाराशिवाय बसते?"

"बसती," विशालने उत्तर दिलं.

"रांगते?"

"पळती म्हना. परवा गोठ्याच्या दारातनं धरून आणली."

"नावाने हाक मारली की बघते?"

"बघती. कुत्र्याला हाक मारली तरी बघती."

"चिमटीत बारीक वस्तू धरते?"

"मुंगी धरती," विशाल म्हणाला, आणि हे सांगायला नको होतं असं त्याला लगेच वाटलं.

मॅडमनी मान हलवली आणि छकुलीला काट्यावर ठेवलं. विशालने डोळे मिटून घेतले.

"आठ किलो शंभर. छान."

विशालने डोळे उघडले. "मॅडम, तुमचा काटा बिघाडलाय."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात?"

"म्हंजी, राग मानू नका, पन मंगळवारी आमच्या काट्यावर सहा दोनशे भरली. तीनदा बघितलं. आमचा काटा व्यापारीसुद्धा मानत्यात."

"कसला काटा?"

"डाळिंबाचा."

मग प्रगती, जिचा लॅबमध्ये रोज काट्याशी संबंध येतो, सावकाश वळली.

"अवो, तवा ग्रेडिंग चाललं होतं का?"

"व्हय."

"म्हंजी रिकाम्या क्रेटचं वजन काट्यात आधीच वजा केलेलं होतं. छकुलीला क्रेटात बसवली होती?"

"न्हाय. आईनं बसवू दिली न्हाय."

"मग ते पावणेदोन-दोन किलोचं क्रेट कुणाच्या अंगातनं वजा झालं?"

विशालने छकुलीकडे पाहिलं. नर्सने भिंतीवरचा लसींचा तक्ता एकाएकी मन लावून वाचायला घेतला. पण विशालला लाज वाटायच्या आधी इतकं हलकं वाटलं, की तो लेकीकडे बघून मोठ्याने हसला, आणि प्रगतीने डोळ्यांना पदर लावून त्याच्याबरोबर हसून घेतलं.

"बाळ अगदी उत्तम आहे," मॅडम फाइलमध्ये लिहीत म्हणाल्या. "वजन, उंची, हालचाल, सगळं. फार कमी मुलं इतकी व्यवस्थित सांभाळलेली दिसतात. आई कामाला जाते ना? मग दिवसभर हिच्याकडे कोण बघतं?"

विशालने शर्ट खाली ओढला, घसा साफ केला. या एका प्रश्नाची तो महिनाभर वाट बघत होता.

"मीच की!" धोंडाबाई म्हणाल्या.

विशालचं तोंड उघडंच राहिलं.

"मीच बघते. सत्त्व म्हनू नका, केळं म्हनू नका. येळच्या येळी."

विशाल काहीतरी बोलणार, तेवढ्यात प्रगतीने टेबलाखालून त्याचा पाय चांगलाच दाबला.

"वा आजी! म्हणजे सूनबाईंची नोकरी चालू राहायला काही अडचण नाही?"

"अडचन कसली? जाऊ द्या की तिला बिनघोर. मी खमकी हाय घरात."

डॉक्टरच्या समोर दिलेला शब्द. आता हा खुद्द धोंडाबाईंनाही मागे घेता येणार नव्हता. सोमवारी पांढरा कोट पिशवीत जाणार होता. विशालने तोंड मिटलं आणि महिन्याभराचं श्रेय मुकाट्याने गिळलं.

"व्हय मॅडम," तो म्हणाला, "सगळं आईच बघती."

दीप्ती मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे जरा नाराजीनेच पाहिलं.

"अहो, मग या वयात त्यांच्या एकटीवर किती टाकाल? तुम्हीही कधीतरी मुलीला हात लावत जा."