लोवेल टिबेट्सच्या नालायकीची चारशे बारा प्रतिज्ञापत्रं

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या टॅनर्स फोर्क या गावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि गावचा एकमेव नोटरीही मीच. सदर हकिकत मी शपथेवर सांगत असल्यामुळे तिच्यात विनोद आढळल्यास तो पात्रता मंडळाचा समजावा.

प्रकरण सुरू झालं एका माहितीपत्रकावरून. आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांना त्यात एक ओळ हवी होती : 'आमचे बास्केटबॉल खेळाडू व्यावसायिक ड्राफ्टमध्ये उतरतात.' ड्राफ्ट म्हणजे मोठ्या लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तो सोहळा. कॉलेजच्या खेळाडूने त्यासाठी नाव दिलं आणि मुदतीत मागे घेतलं नाही, तर कॉलेजकडून खेळण्याची त्याची पात्रता कायमची संपते. त्यामुळे बरे खेळाडू नाव द्यायला तयार होईनात. मग ज्याच्या असण्या-नसण्याने काही बिघडत नाही असा खेळाडू शोधायचं ठरलं, आणि फार शोधावं लागलं नाही. लोवेल टिबेट्स तीन वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता. कोर्टवर तो एकूण सात मिनिटं होता, त्यातली दोन बुटाची नाडी बांधण्यात गेली.

"नुसतं नाव द्यायचं," कोच ऑसवॉल्ट त्याला म्हणाले. "पत्रक छापून झालं की घे मागे."

"पण कोच, पुढच्या वर्षी मला उतरवाल ना? शेवटचं वर्ष आहे माझं."

"आपल्या हॉलमधल्या शेवटच्या सामन्यात उतरवीन. शब्द देतो. आईला पहिल्या रांगेत बसव."

लोवेलला एवढंच हवं होतं. त्याची आई नॉर्मा हायवेवरच्या खानावळीत पहाटेपासून पॅनकेक भाजते. तीन वर्षं ती प्रत्येक सामन्याला येऊन बाकावर बसलेल्या पोराची पाठ बघत होती.

पत्रक छापलं गेलं. लोवेलने मुदतीच्या आत नाव मागे घेतलं. लीगचं उत्तर आलं : 'आपण मागे घेऊ इच्छिता ते नाव आमच्या यादीतच नाही. सोबतची आकडेवारी पाहून तो अर्ज चेष्टा आहे असं वाटल्याने टाकून देण्यात आला.'

हे पत्र कॉलेजच्या नियमपालन अधिकारी ग्लेंडाबाई स्ट्रूप यांच्या टेबलावर गेलं. ग्लेंडाबाई नियमाच्या इतक्या पक्क्या, की सर्दी झालेल्या एका खेळाडूला कुणीतरी दिलेला कागदी रुमाल त्यांनी 'अनुचित लाभ' म्हणून जप्त केला होता. तोही वापरून झाल्यावर.

"नाव यादीत नाही, म्हणजे ते मागे घेता येत नाही," ग्लेंडाबाई म्हणाल्या.

"मग दिलंच नव्हतं असं समजा ना!" लोवेल म्हणाला.

"असं कसं समजू? पत्रकात छापलंय. नाव दिलं, मागे घेतलं नाही. पात्रता संपली."

"अहो, पण मला घेणार कोण होतं?"

"आत्ता कसं बोललास!" ग्लेंडाबाईंचा चेहरा उजळला. "कलम चौदा."

कलम चौदा असं सांगतं, की अमुक खेळाडूला कोणताही व्यावसायिक संघ कोणत्याही परिस्थितीत घेणार नव्हता असं सिद्ध झाल्यास त्याने नाव दिलंच नव्हतं असं मानावं. थोडक्यात, खेळायचं असेल तर आपल्याला खेळता येत नाही हे सिद्ध करायचं. त्यासाठी किमान पंचवीस प्रतिज्ञापत्रं, नोटरीसमोर केलेली, पात्रता मंडळाकडे पाठवायची.

पंचवीस माणसं गोळा करायला महिना लागेल असा माझा अंदाज होता. सकाळी दुकान उघडलं तर रांग पेट्रोल पंपापर्यंत गेलेली. कोच ऑसवॉल्टनी लिहून दिलं, 'याला उतरवणं म्हणजे एक माणूस कमी घेऊन खेळणं.' पाद्रीबुवांनी लिहिलं, 'प्रार्थनेलाही मर्यादा असतात.' न्हाव्याने तीन पानं लिहिली आणि चौथं मागितलं. शेजारच्या गावचा एक गृहस्थ लोवेलला कधी भेटलाही नव्हता, पण ऐकून होता. प्रत्येक जण सही करताना म्हणत होता, "पोराच्या भल्यासाठी, दुसरं काय!" चारशे अकरा प्रतिज्ञापत्रं झाली तेव्हा माझ्या शिक्क्याची शाई संपली.

मंडळाने फाईल परत पाठवली. शेरा होता : 'आईचं प्रतिज्ञापत्र नाही. गुण दडवल्याचा संशय येतो.'

नॉर्मा ॲप्रनसकट दुकानात आली.

"काय लिहायचंय, हार्लन?"

"लोवेलला बास्केटबॉल खेळता येत नाही, एवढंच."

"येतं त्याला."

"नॉर्मा, सही केलीस तर तो खेळेल. नाही केलीस तर नाही खेळणार."

तिने ॲप्रनला हात पुसून पेन उचललं. "हे कलम ज्याने लिहिलं ना, त्याला आई नसणार," ती म्हणाली आणि तिने सही केली. माझा शिक्का अगदी सरळ उमटला.

परवानगी आली. शेवटच्या सामन्याच्या दिवशी ग्लेंडाबाईंनी हॉलच्या दारावर सूचना लावली : 'श्री. टिबेट्स यांनी गुण मिळवल्यास चारशे बारा प्रतिज्ञापत्रं खोटी ठरतील. शपथेवर खोटं बोलण्याची शिक्षा तुरुंगवास आहे.'

दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही तीस गुणांनी पुढे होतो. एरवी अशा वेळी सारा हॉल 'लोवेलला घ्या!' म्हणून नाचतो. त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही. कोच दिल्या शब्दाला जागले. फक्त उतरवताना लोवेलच्या कानात म्हणाले, "बॉलला हात लावशील तर याद राख!"

पण समोरच्या संघाला हे कुणी कळवलं नव्हतं. त्यांच्या हातून बॉल सुटला आणि घरंगळत थेट लोवेलकडे आला.

"मारू नको रे!" न्हावी किंचाळला.

"पास दे! कुणालाही दे! त्यांना दे!" पाद्रीबुवा खुर्चीवर चढले.

पहिल्या रांगेतून एकच आवाज वेगळा आला. "मार, राजा, मार!"

लोवेलने अर्ध्या कोर्टवरून बॉल फेकला. बॉल फळीवर आपटला, कड्यावर दोनदा फिरला आणि जाळीतून खाली पडला. गुणफलकावरचा आकडा मात्र हलला नाही, कारण गुणफलकवाल्याचं प्रतिज्ञापत्र क्रमांक एकोणीस होतं.

सोमवारी मी नवा मजकूर टाईप करून ठेवला : 'सदर बॉल जाळीत गेला नाही.' कुणी मागितला नव्हता, पण मागणार हे मला माहीत होतं. दुपारपर्यंत गाव सह्या करून मोकळं झालं. न्हाव्याने तर वाचलाही नाही.

संध्याकाळी लोवेल आला. "हार्लनकाका, गेला होता ना हो?"

"मी नेमका चष्मा पुसत होतो, बाळा," मी म्हणालो. तो निघून गेला.

त्याच्यामागून नॉर्मा आली. तिने माझा कागद बाजूला सारला आणि स्वतःचा दिला. त्यावर लिहिलं होतं : 'मी शपथेवर खोटं बोलले. माझ्या मुलाला खेळता येतं.' आता खटला तिच्या एकटीवर चालू आहे. गावात सगळे हळहळतात. बिचारी, म्हणतात, थोडं समजून घ्यायला हवं होतं तिने.

वाचकहो, तुम्ही नॉर्माच्या बाजूचे आहात हे मला दिसतंय. आमचं अख्खं गाव मनातून तिच्याच बाजूचं आहे. अडचण एवढीच, की 'बॉल जाळीत गेला नाही' याखालीही मंडळाला चारशे बाराच सह्या हव्यात, आणि नॉर्माची एक कमी पडते. तुम्ही तर सामना पाहिलेला नाही, म्हणजे तुमच्याइतका निःपक्षपाती साक्षीदार आम्हाला मिळायचा नाही. तेव्हा पूर्ण नाव सांगा. बाकीचं सगळं मी भरून ठेवलंय.