जिवंतपणीच शिळा झालेला मासा

आपाचं लग्न मीच जमवणार, असं आयतने जाहीर केलं तेव्हा घरात कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. अम्मी एवढंच म्हणाली, "आधी नववीचं गणित जमव."

पण असल्या बोलण्याने खचेल ती आयत कसली! नुकतंच तिला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून तिची खात्रीच पटली होती, की आपण पटवू शकणार नाही असा एकही माणूस या जगात नाही. जगाला अजून तिला ऐकायची संधी मिळाली नव्हती, एवढंच!

तसं पाहिलं तर लग्न जवळजवळ जमलेलंच होतं. आयतची मोठी बहीण जास्मीनआपा जासईच्या एका कंटेनर गोदामात कागदपत्रं बघायची. झुबेर मूळचा पनवेलचाच, पण आता कॅनडात इलेक्ट्रिशियन. गेल्या ईदला तो घरी आला, दोघांनी एकमेकांना पाहिलं, आणि त्या दिवसापासून आपाच्या मोबाईलचं चार्जिंग दुपारपर्यंतसुद्धा टिकेनासं झालं. अब्बा राजी, अम्मी राजी, मुलाचे आईबाप राजी. आता एकच होकार बाकी होता. दिलशाद फुफीचा!

दिलशाद फुफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एखादा ट्रेलर आडवा झाला की मागचं सगळं जिथल्या तिथे थांबतं ना, तशी फुफी! आपाचे आधीचे रिश्ते तिने असेच थांबवले होते. एका मुलाचे कान तिला पसंत पडले नाहीत. एकाची आई फार गोड बोलते म्हणून बाद. आणि एक घर तर केवळ बिर्याणीत टोमॅटो घालतात म्हणून हातचं गेलं!

ईदला फुफी उमऱ्यासाठी मक्केला गेली होती, त्यामुळे तिने झुबेरला पाहिलंच नव्हतं. तिला फोटो दाखवायचं ठरलं. झुबेरने चार फोटो पाठवले. एकात सूट, एकात गाडी, एकात घर. आणि चौथ्यात स्वारी गोठलेल्या तळ्यावर उलट्या बादलीवर बसलेली, आजूबाजूला बर्फच बर्फ, आणि दोन्ही हातांत तान्ह्या बाळासारखा धरलेला भलामोठा मासा!

"सूटवाला दाखव," आपा म्हणाली.

"आपा, सूट काय, भाड्यानेसुद्धा मिळतो! फुफीला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"मासे."

"मग!"

आयत एवढ्यावर थांबली नाही. तिने स्टुडिओत जाऊन त्या फोटोची चांगली कॅलेंडरएवढी प्रत काढून घेतली. झुबेर मोठा झाला, मासा त्याहून मोठा झाला, आणि माशाचा डोळा तर शर्टाच्या बटणाएवढा झाला! गुंडाळी बगलेत मारून आयत आणि अब्बा विचुंब्याला फुफीच्या फ्लॅटवर पोचले.

फुफीने चष्मा लावला. फोटो आधी जवळ धरला, मग लांब धरला. मुलाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. शेवटी ती म्हणाली, "शिळा आहे."

"कोण?" अब्बा दचकले.

"मासा! डोळा बघ ना, ताहेर. पांढराफटक!"

तेवढ्यात दारात रंभामावशी आली, डोक्यावर टोपली घेऊन. रंभामावशी उरणची. फुफीच्या घरात कितीतरी वर्षं तिच्याच टोपलीतला मासा शिजत होता आणि दोघींचं रोज न चुकता भांडण होत होतं. पण माशाच्या बाबतीत रंभामावशीचा शब्द म्हणजे सुप्रीम कोर्ट!

"रंभा, हे बघ जरा."

रंभामावशीने पदराला हात पुसले, फोटोवर वाकली आणि नाक धरायचीच काय ती बाकी राहिली. "ईऽऽ! डोला कवडीवानी पांढरा झालाय गो दिलशादबाय! चार दिवसांचा तरी हाय. कुनी गल्यात मारला तुमच्या?"

"अहो मावशी, ताजा आहे तो!" आयत म्हणाली. "झुबेरभाईंनी स्वतः धरलाय! बर्फाला भोक पाडून, खाली गळ सोडून!"

रंभामावशी आणि फुफी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग दोघी आयतकडे बघायला लागल्या. मग फुफी अगदी हळू, लहान मुलाला समजवावं तसं बोलली, "बेटा, मासा बर्फात कधी जातो?"

"कधी?"

"मेल्यावर!"

आयतच्या वक्तृत्वाला पहिल्यांदाच ठेच लागली. रंभामावशी मात्र आता फोटोत पुरती शिरली होती. "मांडी घालून नाय, पन बादलीवर बसलाय. फुडं बर्फ. हातात मासा. आणि तोंड बघा कसं, गिऱ्हाइकाला बोलावल्यावानी! बाय, ह्यो पोरगा मासे इकतो!"

"इलेक्ट्रिशियन आहे तो!" अब्बा ओरडले.

"मासे इकन्यात वाईट काय हाय?" रंभामावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी इकतेच ना? पन शिला मासा ताजा म्हनून दाखवनारा मानूस..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही. फुफीने ते मनातल्या मनात पूर्ण केलं आणि फोटोची गुंडाळी करून अब्बांच्या हातात दिली.

"नाही," फुफी म्हणाली. ट्रेलर आडवा!

आणि इथेच आयतच्या तोंडातून ते वाक्य गेलं! तिने कोणाला विचारलं नाही, क्षणभर थांबलीसुद्धा नाही. "फुफी, कॉम्प्युटरवर समोरासमोर बघा ना! झुबेरभाई तुमच्या डोळ्यांदेखत मासा काढतील. डोळा स्वच्छ निघाला तर हो म्हणायचं. पांढरा निघाला तर तुमचं 'नाही' आम्हाला कबूल!"

"वादा?"

"वादा!"

घरी आल्यावर आपाने हे ऐकलं आणि ती पलंगावर बसलीच. "आयत! माझं लग्न तू माशाच्या डोळ्यावर लावून आलीस?"

"अगं आपा, ताज्या माशाचा डोळा स्वच्छच असतो! आपण तर जिंकलोच आहोत!" आयतने उडी मारून सांगितलं. कॅनडात कळवतानाही तिने झुबेरला शर्तीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. उगाच टेन्शन कशाला द्यायचं? फक्त एवढंच लिहिलं, की फुफींना तुमचा मासे धरण्याचा छंद फार आवडला, रविवारी तळ्यावरूनच व्हिडिओ कॉल करा!

रविवारी रात्री इशाच्या नमाजनंतर सगळे आयतच्या घरी हॉलमध्ये जमले. तिथे तेव्हा सकाळ. कॉम्प्युटरच्या अगदी समोरच्या खुर्चीत फुफी, शेजारी पाटावर रंभामावशी. ती त्या दिवशी मुद्दाम पनवेलला लेकीकडे मुक्कामाला आली होती. अब्बा सारखे मोडेमकडे बघून काहीतरी पुटपुटत होते. आपा पडद्याआड दुपट्ट्याचं टोक चावत होती.

स्क्रीनवर झुबेर उगवला. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या!

"या अल्लाह! हा तर माझ्याहून म्हातारा!" फुफी किंचाळली.

"अस्सलाम वालेकुम फुफी! तोंडाची वाफ गोठलीय मिशांवर!" झुबेर हसला. मोबाईल त्याने कशाला तरी टेकवून ठेवला आणि एक हे मोठं गिरमिट उचलून बर्फात फिरवायला लागला. सुतार लाकडाला पाडतो तसं बर्फाला भोक पडलं आणि त्यातून काळं पाणी उसळून आलं. मग त्याने लाटण्याहून थोडीशीच मोठी काठी काढली, दोरा सोडला आणि बादलीवर बसला.

"ह्याच्यानं बारका जवला पन नाय यायचा," रंभामावशीने निकाल दिला.

मग सुरू झालं वाट बघणं. चहा झाला. खारी झाली. अब्बांनी मोडेमला दुवा दिली, मग शिव्या दिल्या. तळ्यावर झुबेर नुसता बसला होता. आणि गंमत म्हणजे, फुफी हळूहळू पुढे सरकायला लागली! "हलव जरा काठी... असं नाही रे, वरखाली... रंभा, सांग त्याला!"

"झटका दे बाबा, झटका!" रंभामावशी कॉम्प्युटरवर ओरडली.

काठी वाकली!

"लागला!" फुफी खुर्चीवरून अर्धी उठली. झुबेर दोरा ओढायला लागला, भोकातलं पाणी ढवळलं, काहीतरी सोनेरी चमकलं आणि चित्र थांबलं! झुबेर तोंड उघडं टाकून जागच्या जागी. अब्बा मोडेमकडे धावले, आयत केबलकडे धावली, दोघांची डोकी टेबलाखाली एकमेकांवर आदळली.

चित्र पुन्हा हललं तेव्हा झुबेरच्या हातात मासा होता. शेपटी आपटत होता, कल्ले उघडत होता, चांगला फडफडत होता. पाणीदार, सोनेरी, देखणा! झुबेरने अभिमानाने त्याचं तोंड अगदी कॅमेऱ्याजवळ आणलं.

डोळा पांढरा! गोटीसारखा पांढरा!

रंभामावशी पाटावरून उठली, स्क्रीनला नाक लावून उभी राहिली, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जिता हाय... आणि शिला पन हाय! दिलशादबाय, मी अख्ख्या जन्मात असा मासा नाय बघला!"

डोळा पांढरा निघाला तर नाही. वादा! पडद्याआडून एक हुंदका आला.

"झुबेरभाई!" ती जवळजवळ रडतच ओरडली. "डोळा पांढरा का आहे?"

"वॉलआय जातीचा मासा आहे ना हा! यांचा डोळा असाच असतो! जन्मापासून!"

"जन्मापासून मोतीबिंदू?" फुफीचा आवाज एकदम हळवा झाला. "बिचारा!" पण दुसऱ्याच क्षणी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तू आंधळा मासा धरलास? ज्याला गळ दिसत नाही त्याला धरण्यात कसली आलीय मर्दुमकी?"

"नाही नाही, फुफी! त्याला उलट अंधारात जास्त दिसतं!" झुबेर पुरता गोंधळला. होणाऱ्या फुफीसासूला राग आला आहे एवढंच त्याला कळलं. काहीतरी चांगलं काम करून दाखवावं म्हणून तो घाईघाईने खाली वाकला आणि डुबुक! मासा पुन्हा भोकात.

"सोडला?" फुफी.

"सोडला!" रंभामावशीने दोन्ही हात डोक्याला लावले. "हातातला मासा सोडतंय! येडा हाय का खुला?"

"नियमच आहे इथे! एवढ्या मोठ्या माद्या सोडायच्या असतात!" झुबेरने शपथेवर सांगावं तसा हात वर केला. "आणि हिच्या पोटात तर गाभोळी होती!"

गाभोळी! पनवेलमध्ये ज्या गाभोळीवरून, माशाच्या ज्या अंड्यांवरून, सख्खे भाऊ ताटावरून उठतात, ती गाभोळी या माणसाने पाण्यात सोडली होती! आता फक्त फुफीने उठून निघून जायचं बाकी होतं. आयतने डोळे मिटले.

आणि पडदा बाजूला झाला. जास्मीनआपा, जी आजवर फुफीसमोर कधी मोठ्याने शिंकलीसुद्धा नव्हती, तरातरा स्क्रीनसमोर आली. "झुबेर! गाभोळी होती? आणि तू सोडलीस? डोकं आहे का ठिकाणावर? घरातली माणसं इथे जीव मुठीत धरून बसलीत आणि तू गाभोळी वाटत सुटलायस तळ्याला?"

"चुकलं," झुबेर खाली मान घालून म्हणाला.

"मला विचारायचं ना आधी!"

"पुढच्या वेळी विचारेन."

फुफीने आपाकडे पाहिलं. मग स्क्रीनवरच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. मग ती आरामात खुर्चीत मागे टेकली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"ताहेर," ती म्हणाली, "या मुलाला गाभोळी कळत नाही. पण कोणाचं ऐकायचं ते कळतं! आपल्या पोरीला लवकर पाठव तिकडे, नाहीतर हा सगळं तळं सोडून देईल. मुबारक!"

"पण फुफी, वादा? पांढरा डोळा?" आयतच्या तोंडून निघून गेलं. अम्मीने तिला असा चिमटा काढला की तिची किंकाळी मुबारकबादीतच मिसळून गेली!

काय तो गोंधळ! रंभामावशी आपाच्या गालांवरून बोटं मोडत होती, अब्बा मोडेमचा मुका घेत होते, अम्मी साखर शोधत होती. या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. स्क्रीन काळी झाली होती. तिकडच्या थंडीने झुबेरच्या मोबाईलची बॅटरी "चुकलं"नंतर थोड्याच वेळात मान टाकून बसली होती. होकार सगळ्या बिल्डिंगने ऐकला. नवरदेवाने सोडून!

सकाळी आयतने मेल उघडला. झुबेरने लिहिलं होतं: फुफींची माफी माग. दिवसभर विचार केला. गळ, गिरमिट, बादली, सगळं शेजाऱ्याला देऊन टाकलं. यापुढे मासे धरणार नाही, आणि खाणारही नाही!

खाणार नाही? बिर्याणीत टोमॅटो घालणारे बाद झाले होते, इथे तर मासेच बंद! तिने धावत जाऊन आपाचा मोबाईल उचलला.

"झुबेरभाई, रिश्ता पक्का झालाय! शेजाऱ्याकडून सगळं परत आणा! आत्ताच्या आत्ता!"

पलीकडे आधी एक आनंदाची आरोळी, मग काहीतरी फुटल्याचा आवाज. शेवटी धापा टाकत झुबेरने विचारलं, "पण आयत, पुन्हा गाभोळीवाली लागली तर? नियमाने सोडावीच लागेल गं!"

"सोडा हो खुशाल!" आयत म्हणाली. "फक्त आधी फोन बंद करा!"