ओव्हनमधला हुंदका

सकाळी नऊ वाजता बाईंनी ओव्हनचं दार उघडलं, जाळीवर टेपचं भलंमोठं रीळ ठेवलं, बटण चोपन्न अंशांवर फिरवलं आणि कमरेवर हात ठेवून सुस्कारा सोडला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी गाजलेला अख्खा अल्बम आता केकसारखा शेकत होता.

जुन्या टेपा दमट हवेने चिकट होतात. मंद आचेवर आठ तास शेकल्या, तरच त्या एकदा धड वाजतात, असं बँडच्या म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टने फोनवर सांगितलं होतं. "आच वाढली तर सगळं संपलं, बाई. ओव्हनपासून हलू नका." पाच वाजता तो मशीन घेऊन येणार होता.

हा सगळा खटाटोप एका हुंदक्यासाठी. अल्बमच्या शेवटच्या गाण्यात वाद्यं थांबतात आणि त्या शांततेत कुणीतरी एकच हुंदका देतं. गिटारवाला राजे, म्हणजे बाईंचा पहिला नवरा, प्रत्येक मुलाखतीत सांगे, 'ती माझ्यासाठी रडली.' बेसवाला लंबू, ज्याच्यासाठी बाईंनी राजेला सोडलं आणि ज्याला पुढे दोन वर्षांत सोडलं, तो सांगे, 'माझ्यासाठी.' आता रेकॉर्ड कंपनी अल्बम पुन्हा काढणार होती, सोबत पुस्तिका छापणार होती. हुंदका कुणाच्या नावावर छापायचा, यावर दोघांच्या सह्या अडल्या होत्या.

बाई तर रडल्याच नव्हत्या. त्या बँडच्या गायिका; आपलं गाणं गाऊन झाल्यावर त्या थेट अक्कलदाढ काढायला गेल्या होत्या. पण आधी खरं सांगायचा कंटाळा आला, आणि मग फार उशीर झाला.

मग रडलं कोण? तेव्हा बँडमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं, म्हणून रेकॉर्डिस्टने प्रत्येकाला वेगळा वार दिला होता. सोमवारी राजे, मंगळवारी बाई, बुधवारी लंबू, आणि उरलेला शनिवार ड्रमवाल्याला. कुणी कुणाला पाहिलं नाही. रेकॉर्डिस्टला विचारावं, तर त्याला यंत्रांचं सगळं आठवे आणि माणसांचं काहीच नाही. कंपनीकडे सगळे आवाज एकत्र केलेली प्रत होती. प्रत्येकाचा आवाज सुटा असलेली टेप मात्र एकच, बाईंच्या कपाटातली. आज ती वाजली की हुंदका कुणाच्या वारी पडला ते कळणार होतं, आणि निकाल ऐकायला येऊन बसलेले हे दोन म्हातारे एकदाचे बाईंच्या सोफ्यावरून उठणार होते. बाईंना तेवढंच हवं होतं.

दहा वाजता राजेने ओव्हनला हात लावून पाहिला. "हा तर गारच आहे गं."

"हात काढ."

"दोन अंशांनी काय होतंय?"

त्याने दोन वाढवले. ते पाहून लंबू उठला आणि त्याने चार कमी केले. राजेने पुन्हा वाढवले. बाईंनी दोघांना दंडाला धरून बाहेरच्या खोलीत नेलं.

"तुला कधी धीर होता का रे?" लंबू म्हणाला. "सोलोसुद्धा ठरल्याच्या आधीच सुरू करायचास."

"आणि तू माझी बायको पळवलीस तेव्हा? तेव्हा कोणाची वाट पाहिलीस?"

"बायको पळवत नाहीत, राजे. ती आपल्या पायांनी चालत आली."

"आणि आपल्या पायांनीच परत गेली," बाई म्हणाल्या. "दोघंही गप्प बसा. माझे पाय दुखताहेत."

तेव्हा ड्रमवाला बोलला. तो बाईंचा तिसरा नवरा, आणि टिकलेला. पहिल्या दोघांना अरे-तुरे करून झाल्यावर बाईंनी याला थट्टेने 'अहो' म्हणायला सुरुवात केली होती, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

"तू जरा पड," तो म्हणाला. "मी बसतो ओव्हनपाशी."

ज्या माणसाला तीस वर्षं स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडत नव्हता, तो खुर्ची ओढून ओव्हनसमोर बसला. बाईंना भरून आलं. त्या जाऊन आडव्या झाल्या.

जाग आली ती जळक्या वासाने. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, बटण दोनशेवीसवर होतं, आणि जाळीवरून काळपट काहीतरी ठिबकत होतं. ओव्हनसमोरची खुर्ची रिकामी होती.

"तू जाळलीस!" राजे ओरडला.

"मी? दोन अंश दोन अंश कोण करत होतं?"

भांडण दोन मिनिटं जोरात चाललं आणि एकाएकी थांबलं. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की आता काही सिद्ध व्हायचं उरलं नाही. प्रत्येकाचा हुंदका ज्याच्या त्याच्याकडे सुखरूप होता.

"जाऊ दे रे," राजे म्हणाला. "लिहू दे त्यांना, 'हुंदका कुणाचा हे गूढच आहे.'"

"छान वाटतं ते," लंबू म्हणाला. त्याने खिशातून पेन काढलं. दोघांनी कंपनीच्या कागदांवर सह्या केल्या, गळाभेट घेतली आणि एकाच टॅक्सीतून गेले. सोफ्यात दोन खड्डे तेवढे राहिले.

बाईंनी फोन करून रेकॉर्डिस्टला येऊ नका म्हणून सांगितलं, खिडक्या उघडल्या आणि मागच्या पायरीवर बसलेल्या नवऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, बटण चुकून फिरलं का?"

तो दोन बोटांनी पायरीवर ठेका धरून होता. ठेका थांबला.

"नाही."

"मग?"

"मशीन बंद झालं असं वाटलं होतं मला, त्या शनिवारी."

बाई पायरीवर बसल्या.

"तू राजेला सोडलंस, तेव्हा मला वाटलं आता माझा नंबर," तो म्हणाला. "तू लंबूकडे गेलीस."

"आणि चव्वेचाळीस वर्षांत हे एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"ते दोघं इतकं भांडत होते. त्यात तिसरा कुठे घुसवायचा?"

बाई उठल्या. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी कपाटातून त्याच अल्बमची रेकॉर्ड काढली आणि शेवटचं गाणं लावलं. ते संपत आलं की नेहमी त्या सुई उचलत. त्या हुंदक्याचा त्यांना वीट आला होता. आज त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"बंद कर ते," दारातून आवाज आला.

"बसा गप्प," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी आहे तो हुंदका."