कळशीवरचं नाव

स्वतःच बक्षीस द्यावं, हे गंगाधरपंत सोवनींच्या डोक्यात आलं ते दाढी करताना. सांगलीच्या विश्रामबागेत राहणारे आणि पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असलेले गंगाधरपंत १९७४ सालच्या एका रविवारी एक डोळा आरशात आणि एक डोळा वर्तमानपत्रात ठेवून वस्तरा फिरवत होते. वर्तमानपत्रात चित्रपटांच्या बक्षिसांची यादी होती. तेच नायक, त्याच नायिका. पंतांना संताप आला आणि हनुवटी कापली.

"ह्यांना बक्षिसं देणारे कोण, तर ह्यांचेच मेव्हणे!" ते तुरटी शोधत ओरडले. "आपण संस्था काढू. एकदम स्वतंत्र!"

"काढा की," विनोदिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुरटी कोनाड्यात आहे."

आठ दिवसांत संस्था निघाली. गंगाधरपंत अध्यक्ष आणि शेजारचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर विष्णुपंत चिटणीस. (तिसरा सभासद मिळाला नाही, त्यामुळे सगळे ठराव एकमताने मंजूर होत.) घटना पंतांनी स्वतः लिहिली. कलम एक : ज्यांचं नाव पडद्यावर येत नाही आणि ज्यांचा अभिनय हा अभिनय आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, अशा कलावंतांना शोधून त्यांचा गौरव करणे. कलम दोन : सभासदांच्या नातेवाइकांना पारितोषिक कदापि मिळणार नाही. 'कदापि'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

विनोदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना पंतांनी अख्खी घटना वाचून दाखवली.

"वा! छान झालंय हं," त्या म्हणाल्या. त्या चार शब्दांवर पंत महिनाभर हवेत होते.

पहिला विजेता शोधायला फारसा त्रास पडला नाही. कोल्हापूरच्या एका कंपनीच्या चित्रपटात बाजाराचा एक सीन होता. त्यात एक भाजीवाली पाटलाच्या माणसाला असं काही फैलावर घेते, की पंतांनी आणि मास्तरांनी तेवढ्यासाठी तो चित्रपट तीनदा पाहिला. तिचं नाव पडद्यावर नव्हतं. मास्तरांनी कंपनीला पत्रं लिहून लिहून पत्ता मिळवला. धोंडुबाई, मुक्काम आष्टा. तिला कार्ड गेलं : 'रविवारी सकाळी दहाला यावे, आपला सन्मान करण्याचे योजिले आहे.'

आता प्रश्न राहिला ट्रॉफीचा. पंतांनी माळ्यावर चढून पाहिलं, तर विनोदिनीबाईंच्या रुखवतातली पितळी कळशी वापराविना पडून होती. वाईच्या मामांनी दिलेली. अठरा वर्षांत ती खाली आली नव्हती, म्हणजे आता गेली तरी कळणार नाही, असा पंतांनी हिशेब केला. बायको भाजीला गेल्याचं पाहून त्यांनी कळशी धोतरात गुंडाळून भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेली.

"ह्यावर आदीच नाव हाय की," तो म्हणाला.

"घासून टाका."

"घासलं तर भोक पडंल. त्येच्या वरच्या अंगाला नवं घालतो. खालच्या नावावर हार घाला, कुनाला दिसतंय?"

पंतांना हा तोडगा फार आवडला. वरती ठोकून घेतलं : 'सर्वोत्कृष्ट अभिनय १९७४'. विजेत्याचं नाव गुप्त ठेवायचं असल्यामुळे ते वेगळ्या लिफाफ्यात जाणार होतं.

रविवारी सोवन्यांच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली. प्रमुख पाहुणे होते कोरेगावचे निवृत्त सुभेदार लालासाहेब. त्यांनी वीस वर्षांत एकही चित्रपट पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका नव्हती. पंतांनी घटनेतली दोन्ही कलमं मोठ्याने वाचली. 'कदापि' दोनदा वाचलं. मग मास्तरांनी लिफाफा सुभेदारांच्या हातात दिला.

मास्तरांनी तो कागद बोरूने, वेलबुट्टी काढून, आपली सगळी कला ओतून लिहिला होता. सुभेदारांनी तो सरळ धरला, मग उलटा धरला.

"ह्ये काय वाचायला येत न्हाई," ते म्हणाले. "भांड्यावर ठळक लिवलंय, त्येच वाचतो." आणि त्यांनी कळशी उचलून तिच्यावरचा हार काढून बाजूला ठेवला.

"अहो, हार राहू द्या!" पंत खुर्चीतून उठले.

पण पलटणीत तयार झालेला आवाज एव्हाना सुटला होता. "सर्वोत्कृष्ट अभिनय, एकोणीसशे चौऱ्याहत्तर! सौभाग्यवती विनोदिनी गंगाधर सोवनी!"

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी खो खो हसलं. ज्या संस्थेसाठी हनुवटी कापली, तिची अब्रू पहिल्याच दिवशी अंगणात सांडली होती.

"चूक झाली!" ते किंचाळले. "खऱ्या विजेत्या ह्या! आष्ट्याच्या धोंडुबाई!"

पहिल्या रांगेतली धोंडुबाई पदर खोचून उठली. "कसला अभिनय म्हंता? त्या शूटिंगवाल्यानं माज्या वांग्याच्या पाटीवर पाय दिला, तवा म्या खऱ्याच शिव्या दिल्या. मला वाटलं, तुमी माफी मागायला बोलवलंय! मी काय सोंग केलं न्हाई. ज्येनं केलंय त्येला द्या."

मास्तर घटनेचा कागद उलटसुलट करू लागले. तेवढ्यात विनोदिनीबाई दारातून पुढे आल्या आणि त्यांनी सुभेदारांच्या हातातून कळशी घेतली.

"मग मलाच द्या," त्या म्हणाल्या. "कळशी माळ्यावरून गेली हे मला त्याच दिवशी कळलं. छत्री घरीच विसरले म्हणून भाजीच्या वाटेवरून परत येत होते, तर हे धोतरात काहीतरी गुंडाळून कोपऱ्यावरून वळत होते. बारा दिवस झाले. ह्यांना संशय तरी आला का, विचारा."

"आला का रं पंत?" सुभेदारांनी चौकशी लावली.

पंतांनी मान हलवली. आला नव्हता.

"मग कलम एकमध्ये अगदी चपखल बसतं," मास्तर हळूच म्हणाले. कलम दोन त्याच जागी, दोन विरुद्ध शून्य मतांनी रद्द झालं. (दुसरं मत पंतांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून दिलं.) धोंडुबाईची मात्र पंतांनी हात जोडून माफी मागितली. ती खूश होऊन, कार्यक्रम लय झ्याक झाला म्हणत आष्ट्याच्या एस.टी.ला गेली.

दुपारी अंगण रिकामं झालं. विनोदिनीबाई चिंचेने कळशी घासत बसल्या होत्या. पंत बराच वेळ घुटमळले आणि मग जवळ जाऊन बसले.

"एक विचारू? मी घटना वाचून दाखवली, तेव्हा तू 'वा! छान झालंय हं' म्हणालीस..."

विनोदिनीबाईंनी कळशी उन्हात धरून पाहिली.

"वा!" त्या म्हणाल्या. "छान निघालीय हं."

आवाज अगदी तोच होता.