तांबड्या जपानी गाडीच्या डाव्या आसनाचे वर्तमान

श्रीजिनचरणी मस्तक ठेवून, घराण्यातील गेल्या वडीलधाऱ्यांस दंडवत घालून, आणि ज्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले त्यांपैकी जे हयात आहेत त्यांची गवाही घेऊन, ही हकिकत लिहिली. चिरंजीव दीपाली आता पुण्यास स्वतःची मोटार स्वतः हाकते. ती सुटीस आली आणि थोरल्या काकीस पुसती जाहली की, बाबांची तांबडी गाडी घरात कैसी आली, आणि पहिल्याच दिवशी आई तीत बसून फलटणास कैसी गेली, ते अथपासून इतिपर्यंत सांगावे. काकीची दृष्टी मंद जाहली, गुडघे फितूर जाहले, परंतु स्मरणाचा किल्ला अद्याप पडला नाही. ऐसियास जे घडले ते लिहिले. कमी केले नाही, आणि वाढविले असेल तर थोडकेच.

त्या काळी सांगली प्रांती, द्राक्षांच्या मुलखात, आदगोंडा पाटील म्हणून एक मातबर बागाईतदार होते. त्यांस औषधाच्या दुकानातून दिवाळीस एक कॅलेंडर नजर जाहले, आणि त्याच्या जुलैच्या पानावर एक तांबडी जपानी मोटार उभी होती. नाक जमिनीस टेकलेले, पाठ मुंगसासारखी, आणि अंग ऐसे तुकतुकीत की माशी बसली तर घसरावी. ते पाहून आदगोंडांचे चित्त त्या मोटारीने लुटून नेले. मग जुलै सरला, वर्ष सरले, आणखी वर्षे सरली, परंतु पान फिरले नाही, आणि घरात तिथी-वार पुसावयास शेजारी जावे लागे. पुढे त्यांनी बस्तीत, म्हणजे जिनमंदिरात, देवापुढे नियम घेतला की, ही गाडी दारी येईतो द्राक्ष तोंडात घालणार नाही. बागाईतदार द्राक्ष खात नाही हे ऐकून व्यापारी मंडळीत संशय पैदा जाहला की, हा स्वतःचा माल खात नाही, त्या अर्थी औषध जास्त मारीत असावा. त्याने भाव पडला, तरी आदगोंडा नियमापासून ढळले नाहीत.

या घराण्याचा दस्तूर ऐसा की, नवे वाहन आले म्हणजे पहिली स्वारी बाहुबलीच्या डोंगरास, आणि स्वारीत घरचे एकूण एक माणूस. ट्रॅक्टर आला तेव्हा ट्रॉली जोडून गेले; जीप आली तेव्हा बसले, लटकले, टपावर चढले, परंतु मागे कोणी राहिले नाही. घराची गादी म्हणजे मातुःश्री पद्माक्का. त्यांस आदगोंडांनी भर सोप्यात, थोरले बंधू नानासो यांच्या समक्ष वचन दिले की, नव्या गाडीत घरच्या प्रत्येकास बसविल्यावाचून गाडी गावाबाहेर काढणार नाही.

इकडे त्यांचे कुटुंब गुणमालाबाई, माहेर फलटण. लग्न जाहल्यापासून त्या माहेरी कितीदा तरी गेल्या, परंतु एकदाही यजमानांच्या शेजारी बसून गेल्या नाहीत. जीपचे पुढील आसन सासूबाईंचे. गुणमालाबाई मागे, मांडीवर पोर, पायांशी बेदाण्याचे डबे आणि कानाशी नानासोंचे घोरणे. फलटणापर्यंत यजमानांचे दर्शन काय ते मानेच्या मागल्या बाजूचे. ऐसियास त्यांनी ते कॅलेंडर एके दिवशी फिरवून भिंतीस तोंड करून ठेविले आणि लढाई पुकारिली. आदगोंडांनी तहाचे बोलणे लाविले. गुणमालाबाईंनी कलम एकच घातले.

"आणा की खुशाल गाडी. पर पयल्या दिशी तुमच्या शेजारी मी बसणार, आन् तशीच फलटणला जाणार. मागं न्हाई बसायची आता."

आदगोंडा "व्हय" म्हणाले. मातुःश्रींस मागे ऐसपैस गादी, गुणमालाबाईंस पुढे आसन, आणि दोन्ही वचने एकाच गाडीत मावतील, ऐसा त्यांचा हिशेब. गाडीत किती माणसे बसतात हा सवाल सांगली प्रांती कोणी करीत नाही. जितकी असतील तितकी बसतात. आणि कॅलेंडरावरील चित्र तर एका बाजूने काढलेले.

शके एकोणीसशे अठराचे सालात खबर आली की, मुंबईस जहाजावरील एक कप्तान चाकरी सोडून परतला आहे आणि त्याने जपानातून तैसीच तांबडी गाडी आणिली आहे व आता ती विकतो आहे. मग आदगोंडांनी बालमित्र बिराप्पा, जे मेंढरांचे धनी, त्यांस बरोबर घेऊन कूच केले. खजिना किती नेला तो आकडा कोठेही लिहू नये ऐसा आदगोंडांचा हुकूम आहे, तो पाळितो. कप्तानाच्या दारी गाडी दृष्टीस पडताच आदगोंडांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरविला. बिराप्पांनी मात्र, मेंढरू घेताना चहूबाजूंनी पाहतात, तैसी प्रदक्षिणा घातली.

"आदूदादा, मागली शीट काढून ठेवलीया का काय ह्यानं?"

कप्तानाने कळविले की, आसने दोनच. मागल्या जागी इंजिन आहे.

"म्हंजे इंजिन आत, आन् आईसाब भाईर?" बिराप्पा वदले.

परतावे तर उभ्या हयातीचे स्वप्न बुडते, घ्यावी तर घर बुडते. शेवटी आदगोंडांनी, मनुष्य ज्या प्रसंगी जे करू नये तेच करतो त्या न्यायाने किल्ली घेतली.

परतीची मोहीम घाटाघाटांनी चालली. गाडीतील बटणांवर सारी जपानी अक्षरे. पुण्याच्या अलीकडे बिराप्पांनी गार वाऱ्याच्या लोभाने एक बटण दाबिले, तो आतून भट्टीचा वारा सुटला, आणि तो बंद करण्याचे बटण कोणते हे उभयतांस उमगले नाही. त्यात गाडीचे पोट जमिनीपासून चार बोटे. प्रत्येक स्पीडब्रेकरास गाडीचा भार हलका करावा म्हणून बिराप्पांनी पायउतार व्हावे, पोटाखाली डोकावून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणावे, आणि पलीकडे जाऊन पुन्हा आत शिरावे. ऐसे खंबाटकी उतरून, घामाने भिजून, मंडळी साताऱ्यास चहास थांबली. तेथे हां हां म्हणता गर्दीचा वेढा पडला. पलटणीतून पेन्शन घेतलेले हवालदार धोंडीबा पुढे जाहले आणि त्यांनी वाकून आत नजर टाकिली.

"ह्यात माणूस बसतोय का निजतोय रं गड्या?" आणि मग आसने मोजून, "दोनच? मग घरी गेल्यावर कुणाला नेनार पावनं, आईला का बायकूला?"

गर्दी हसली. आदगोंडांनी चहा तसाच ठेवून गाडी काढिली. त्या रात्री कराडास नातलगांकडे मुक्काम केला, आणि सकाळी उसाच्या ट्रॉल्यांच्या आडून, ज्यांच्या ड्रायव्हरांस उंचावरून ही गाडी दिसतच नव्हती, जीव मुठीत धरून घर गाठिले.

घरी सारा सरंजाम सज्ज होता. नानासो लग्नातला कोट घालून, लेकीसुना नवी लुगडी नेसून, पोरे तेल लावून, दशम्यांचे गाठोडे आणि पाण्याची कळशी घेऊन अंगणात उभी. थोरल्या सुनेने, म्हणजे याच काकीने, आरती घेतली. तो आदगोंडांनी भीतीच्या भरात कोणते तरी बटण दाबिले, आणि गाडीच्या कपाळावरील दोन झाकणे वर होऊन आतून दिवे बाहेर आले.

"आगं बया, डोळं उघडलं हिनं!" शेजारच्या बायका ओरडल्या, आणि गोठ्यातील म्हैस दावे तोडून उसात शिरली. पद्माक्का डगमगल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पापण्यांस हळदकुंकू लाविले. मग नियम सोडावयाचा, तर मार्गशीर्षात द्राक्ष कोठले? पद्माक्कांनी निवाडा दिला की, बेदाणा म्हणजे म्हातारे जाहलेले द्राक्षच होय, आणि आदगोंडांच्या तोंडात मूठभर बेदाणे कोंबिले. ते त्यांस गोड लागले नाहीत, कारण आता मंडळी बसावयास पुढे सरकली होती.

"मागचं दार कुठं हाय?" पद्माक्कांनी पुसिले.

"मागं दार न्हाई, आई."

"मग मानसं कुठनं शिरायची?"

"मानसंबी न्हाईत. दोनच बसत्यात."

अंगणात ऐसी शांतता पसरली की उसातील म्हशीचे चरणे ऐकू आले. नानासोंनी कोटाची गुंडी काढिली. गुणमालाबाईंनी आदगोंडांकडे पाहिले. आदगोंडांनी जमिनीकडे पाहिले. सोप्यातील वचन दहा जणांनी ऐकलेले, खोलीतील वचन एकीनेच; आणि मातुःश्रींसमोर 'बायकोस शब्द दिला आहे' हे उच्चारण्याची हिंमत त्या घराण्यात आजवर कोणी केली नव्हती. गुणमालाबाईंनी कळशी उचलिली, "चालू द्या तुमचं," इतकेच बोलल्या, आणि आडाकडे वळल्या. चार दिवस आधी भरलेली फलटणची पिशवी त्यांनी जाता जाता खुंटीस पुन्हा अडकविली, ते सर्वांनी पाहिले.

मग दस्तुराप्रमाणे मातुःश्रींची स्वारी आधी. बाहुबलीपूर्वी गल्लीच्या टोकास बस्तीचे दर्शन घ्यावयाचे, तेथवर पद्माक्का गाडीत आणि बाकी फौज पायी, ऐसे ठरले. पद्माक्का बसावयास गेल्या, त्या आसन लागेपर्यंत खालीच गेल्या, आणि गुडघे कानांशी आले.

"आदू, मला मेल्यागत झोपवलंयस की रं! काच लाव, धूळ येतीया."

काच लागली. आत जे बोलणे जाहले ते पुढे मातुःश्रींनीच थोरल्या सुनेस सांगितले, म्हणून येथे लिहिले. लेकाचे लग्न जाहल्यापासून त्याच्याशी एकांती बोलण्याचा त्यांस हा पहिलाच प्रसंग.

"गाडी आली न्हवं? मग तोंड का पाडलंयस?"

आदगोंडांनी दोन्ही हात स्टेरिंगवर घट्ट धरून, पुढे पाहत, सारे सांगून टाकिले. जीपची मागली जागा, फलटण, कलम, शब्द.

"मग अंगणात का बोलला न्हाईस?"

"समद्यांम्होरं कसं बोलायचं, आई?"

"तुझ्या बापासंगं मी आख्खा जलम बैलगाडीतनं हिंडले," पद्माक्का म्हणाल्या. "शेजारी म्हणून एकदाबी बसले न्हाई. मधी कायम पोतं."

गाडी बस्तीपुढे उभी राहिली. आता गड घेणे सोपे, उतरणे कठीण. नानासोंनी एक हात ओढिला, बिराप्पांनी दुसरा, आणि मातुःश्री जागच्या जागी.

"ओढू नका रं, हात निघंल माझा! आन् तू हसू नगंस बिराप्पा, म्हातारा हुशील तवा कळंल."

तो बस्तीशेजारच्या आडावरून गुणमालाबाई कळशी टाकून धावल्या. "सरका तुमी. आत्ती, आधी पाय भाईर टाका. आता माझ्या गळ्यात हात," म्हणून कमरेस विळखा घातला आणि एका दमात सासूबाईंस उभे केले. पद्माक्कांनी पदर सारखा केला, सुनेच्या गळ्यातील हात काही काळ तसाच ठेविला, आणि मग बस्तीच्या पायरीवर उभे राहून हुकूम सोडिला की, आदगोंडांचे वचन घरच्या प्रत्येकास गाडीत बसविण्याचे आहे, चालविण्याचे नाही. सबब प्रत्येकाने येथेच एकेक करून बसावे आणि उठावे, म्हणजे वचन पुरे.

येणेप्रमाणे देवासमोर बैठक जाहली. नानासो बसले, टोपी छतास लागली, उठले. पोरे बसली, त्यांस ओढून काढावे लागले. थोरली सून बसली, बरे वाटले, अधिक लिहीत नाही. सर्वांत शेवटी गुणमालाबाई बसल्या, आणि दस्तुराप्रमाणे उठू लागल्या.

"तू कुठं उठतीस? बस खाली."

"आत्ती, बाहुबलीला..."

"बाहुबलीला आमी जीपनं जातो. देव काय गाडी बघतोय व्हय कुठली ती? पिशवी आणा रं हिची. आन् आदू, दिस मावळायच्या आत जेवाया पोचीव तिला, न्हाईतर रातचं जेवायचं न्हाई म्हून उपाशी निजंल."

नानासो लगबगीने बेदाण्याचा डबा घेऊन आले की, व्याह्यांकडे रिकाम्या हाती कसे जावे. डबा ठेवावयास जागाच नव्हती. ती नाही हे पाहून गुणमालाबाईंच्या मुखावर जे हसू आले ते लेखणीत उतरत नाही.

मग स्वारी विट्यावरून, माणच्या माळावरून, दहिवडीस मेंढरांच्या कळपात अडकून, ऊन कलते जाहले तेव्हा फलटणास पोचली. माहेरच्यांनी दहा-बारा पाने वाढण्याची तयारी ठेविली होती. दारात दोघांसच पाहून गुणमालाबाईंच्या मातुःश्रींच्या काळजाचे पाणी जाहले. "दोघंच? घरात भांडण झालं का गं?" म्हणून त्या रडू लागल्या, आणि खरे सांगितले तरी दुसरे दिवशीपर्यंत त्यांचा विश्वास बसला नाही.

एवंच, शके एकोणीसशे अठरा, मार्गशीर्ष मासी, शुक्लपक्षी, सौभाग्यवती गुणमालाबाई यांनी डावे आसन काबीज केले आणि सासर ते माहेर हा मुलूख यजमानांचे शेजारी बसून, दिवसाढवळ्या, सर्वांच्या संमतीने पार केला. ऐसी फत्ते या घराण्यात पूर्वी कोणा सुनेस लाभली नव्हती. वाटेने उभयतांत काय बोलणे जाहले ते थोरल्या सुनेने पुष्कळदा पुसिले. गुणमालाबाईंनी आजतागायत सांगितले नाही. घरातील एवढी एकच गोष्ट आम्हांस ठाऊक नाही, कारण तेथे तिसऱ्यास जागा नव्हती. सबब ती लिहिली नाही. इति.