सुभेदाराची तालीम

दादाच्या कुत्र्याला आठवडाभर सांभाळायचं मी कबूल केलं, तेव्हा आई हसता हसता खालीच बसली.

"तू? मिक्सर लावला तरी उडी मारतेस!"

(साफ खोटं. मी मिक्सर बंद झाल्यावर उडी मारते. एकदम शांत झालं की मला धडकी भरते.)

दादा-वहिनीला बाहेरगावी जाणं भाग होतं, आणि नेमकी त्याच आठवड्यात समोरच्या मैदानावर शहराच्या वर्धापनदिनाची आतषबाजी होती. गेल्या वर्षी पहिल्याच बाराला सुभेदार पट्टा तोडून पळाला होता. तो सापडेपर्यंत दादाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"या वेळी पळाला तर मला फोन करू नकोस," दादा म्हणाला, "सरळ घर सोड."

मी पडले शिकलेली. वाचून शोधून काढलं, की कुत्र्याला आधीपासून सवय लावावी: मोबाइलवर फटाक्यांचा आवाज हळू लावायचा, लगेच बिस्किट द्यायचं, रोज आवाज थोडा वाढवायचा. झाली तालीम सुरू. मोबाइलवर धडाम्, माझं "आई गंऽऽ!", मग सुभेदाराला बिस्किट. (बटण मीच दाबत होते. तरीही.) सुभेदार मजेत शेपूट हलवायचा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दाराला कडी घातली. ठरवलं, आज आपण घाबरायचं नाही. नाहीतर त्या मुक्या जिवाने कुणाकडे बघायचं?

पहिला बार झाला. मी ओढणी दातांत घट्ट धरली. हूं की चूं केलं नाही. बिस्किट पुढे केलं, तर सुभेदाराने ढुंकूनही पाहिलं नाही. लटलट कापत तो दारावर धडका मारू लागला. प्रत्येक धडकेला जुनी कडी सरकत होती.

दुसरा बार! ओढणी सुटली.

"आई गंऽऽऽ!"

सुभेदार थबकला. वळला. माझ्यापुढे येऊन शहाण्यासारखा बसला, डोळे बिस्किटांच्या डब्यावर.

"अगं, त्याला फटाक्यांची कुठली, तुझ्या किंचाळण्याची सवय लागलीय!" आई कडी घट्ट करत म्हणाली. "ओरड!"

"असं ठरवून कसं ओरडू?"

धडाम्!

"आई गंऽऽ!"

"हां, अस्संच."

थोड्या वेळाने शेजारच्या काकूंनी दार ठोठावलं. "अहो, कोण मारतंय पोरीला?"

"कुणी नाही हो," आई आतूनच म्हणाली, "कुत्र्याला शांत करतोय."

आतषबाजी संपली तेव्हा सुभेदार माझ्या मांडीवर घोरत होता आणि माझा घसा पार बसला होता. फोनवर दादाने तीनतीनदा आभार मानले. माझ्या भित्रेपणाचा घराण्याला प्रथमच उपयोग झाला होता!

"पण पुढच्या वर्षी तू जवळ नसलीस तर?" तो म्हणाला. "तेवढं रेकॉर्ड करून ठेव ना."

घसा मोकळा झाल्यावर केलं. (आईने मागून न सांगता ताट पाडलं.) नीट आलंय का, म्हणून मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवून लावून पाहिलं, आणि किंचाळत पलंगावर चढले.

सुभेदार धावत आला. आधी मोबाइलपुढे बसला, मग माझ्यापुढे. दोन बिस्किटं द्यावी लागली.